कोनाड्यातला वीर

१

नवसाबाईंची धाकट्या सुनेविषयीची तक्रार एका दमात संपणारी नव्हती. वर्ष होत आलं होतं, सांगून सांगून ती गुळगुळीत झाली होती, तरी हार ओवायला बसलं की सुईदोऱ्याबरोबर तीही डब्यातून बाहेर निघायची. ऐकायला होती ती नणंद रंगूबाई. तिला उठून जायला दुसरं घर नव्हतं आणि कानांना झाकणं नव्हती.

"तूच सांग रंगे. रंगपंचमीला अख्खी हारकरी आळी पिवळीधमक. कुत्रीसुद्धा पिवळी. आन् ही रूपाली कोरडी ठाक! पातळावर रंगाचा थेंब नाय. सण हाय का सुतक? बरं, कोरडी तर कोरडी, पुरणाजवळ बसावं. तर भर दुपारी मोरीत धुणं काढून बसली. गल्लीत पाटानं रंग वाहतोय आन् ह्या बाईला साबण सुचतोय. संध्याकाळी विचारलं, देवघरातला वीर कुठंय? तर मान खाली. मी ओरडले, तिचा नवरा राजू ओरडला, थोरला कारभारी ओरडला. तोंडातून शब्द नाय. अगं, साव माणूस भांडतो. गप्प बसतो तो चोर."

"वहिनी, झेंडू चुरगळतोय," रंगूबाई म्हणाल्या.

"चुरगळू दे. मेला माझाच हाय."

गोष्ट खरी एवढीच होती. नाशकात धुळवडीला वीर निघतात. पूर्वजांचा चांदीचा टाक फडक्यात बांधून वाजतगाजत गंगेवर, म्हणजे गोदावरीवर न्यायचा, रामकुंडात न्हाऊ घालायचा, नाचवत परत आणायचा. नवसाबाईंच्या घरचा वीर म्हणजे तळहाताएवढा घोडेस्वार. डावा कोपरा तुटलेला, नाकडोळे पाच पिढ्यांच्या हातांनी झिजलेले. सत्त्याण्णव सालच्या रंगपंचमीला सकाळी नवसाबाईंनी स्वतः त्याची पूजा केली आणि रंगूबाईंना घेऊन घाटावर फुलांच्या पाटीवर गेल्या. दिवे लावायला परतल्या तो पाटावरची जागा रिकामी. दिवसभर घर होतं रूपालीच्या हवाली.

"बोलायचं नसेल तर मनमाडला बापाकडं जा," नवसाबाई म्हणाल्या होत्या. घरातली गोष्ट गल्लीत जाऊ नये म्हणून तेही हळूच. रूपालीने तीन वर्षांच्या सृष्टीला काखेला मारलं आणि रात्रीच्या पॅसेंजरनं ती खरंच गेली. त्याच श्रावणात नवसाबाईंचे मालक, गोटीराम, वारले. तेव्हा आली, तेराव्यापर्यंत राहिली, पुन्हा गेली.

"आन् रडली किती! पोटच्या लेकी रडल्या नाय एवढी. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं अशीच रडतात."

रंगूबाईंनी यावर काही म्हणायच्या आत दारात सावली पडली. वाल्मीक उभा होता. आळीच्या तोंडाशी जमिनीखाली जी दगडी रहाड, म्हणजे रंगाचा हौद होता, पेशवाईपासूनचा, तिचा मान त्याच्या घराण्याकडे. वर्षभर सागाच्या ओंडक्यांखाली आणि मातीखाली ती बुजलेली असायची. रंगपंचमीआधी दोन दिवस उघडायची, घासायची, आणि झेंडूच्या उकळलेल्या रंगानं काठोकाठ भरायची. रहाडीत पहिली पाटी पडायची ती याच घरच्या झेंडूची. दुखवट्याचं वर्ष असलं तरी तो मान चुकवायचा नाही.

"पाटी परवा की," नवसाबाई म्हणाल्या.

"पाटीसाठी नाही आलो, वहिनी." त्याच्या हातात चिखलानं माखलेलं एक पुरचुंडं होतं. फाटलेल्या कोपऱ्यातून काळवंडलेली चांदी दिसत होती, आणि चांदीवर एका घोड्याचा पाय. "हे तुमचंच ना? रहाडीत सापडलं."

२

पुरचुंडं सुटेना. वाल्मीकच्या माणसांनी आधीच नखं लावून पाहिली होती. थोरला मुलगा कारभारी आला, त्यानं दात लावले, मग कात्री मागितली.

"देवाच्या फडक्याला कात्री लावशील? आण इकडं."

नवसाबाईंनी पुरचुंडं मांडीवर घेतलं, गाठीवर अंगठा फिरवला, एक टोक खालून वर ओढलं. गाठ पाण्यासारखी सुटली. वीर मांडीवर पडला. तोच, तुटक्या कोपऱ्याचा. रंगूबाईंनी तिथंच हात जोडले आणि पदर डोळ्यांना लावला.

"झालं तर मग," कारभारी म्हणाला. "आपण ओरडायला लागलो तशी घाबरली असेल. जाता जाता रहाडीत टाकून दिला. आई, मी तेव्हाच म्हणत होतो."

"तू लय गोष्टी म्हणत होतास."

त्यांचं लक्ष वीराकडे नव्हतंच. त्या फडकं बघत होत्या. धोतराचा जुना तुकडा होता, वर्षभराच्या ओलीनं कुजायला आलेला. चिखल धुतला तसा रंग वर आला: फिका पण पिवळा, घडीघडीतून मुरलेला. फक्त एका ठिकाणी, जिथं गाठ होती तिथं, आतल्या चुण्या पांढऱ्या राहिल्या होत्या.

नवसाबाई दुसऱ्या इयत्तेपुढं शिकल्या नव्हत्या, पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं रंगात आणि फुलांत गेली होती. बांधलेलं कापड रंगात बुडालं की गाठीच्या पोटात रंग शिरत नाही. म्हणजे वीर बांधून रहाडीत गेला तेव्हा रहाड रंगानं भरलेली होती.

"वाल्मीक, रंग किती वाजता उपसता तुम्ही?"

"उन्हं कलली की. पाचला मोरी सोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ओंडके."

रूपाली घरातून निघाली ती साडेआठला. तेव्हा रहाड कोरडी होती. आणि रंग होता तेव्हा नुसतं काठावर उभं राहिलं तरी अंगावर उडतो, आत उतरून आलेला माणूस तर आठ दिवस पिवळा राहतो. नाशकात हे पाळण्यातलं पोरही सांगेल.

"कोरडी ठाक," नवसाबाई पुटपुटल्या.

"कोण?"

"तुझी भावजय. पातळावर थेंब नव्हता. वर्षभर मीच सांगतेय गं, रंगे. वर्षभर मीच तिची साक्ष काढतेय आन् मलाच ऐकू येईना!"

मांडीवरचा घोडेस्वार झिजल्या तोंडानं त्यांच्याकडे बघत होता. रूपालीनं टाकला नाही. मग घरातलं दुसरं कोण होतं?

३

"दार लाव," त्या कारभाऱ्याला म्हणाल्या. "आता तू बोल."

"मी?"

"तू. गेल्या साली शिमग्याआधी कोण म्हणत होतं, टाक झिजलाय, सराफाकडं देऊ, आटवून नवा करू? बाप नको म्हणाला तर आठ दिवस तोंड फुगवून बसला होतास."

कारभारी चाळिशीचा माणूस, दोन पोरांचा बाप. पण आईसमोर त्याचे कान लाल झाले. "आई, त्या दिवशी मी त्र्यंबकला होतो. हारांच्या सहा टोपल्या. तूच पंचवटी कारंज्यावर बसच्या टपावर चढवून दिल्यास आन् कंडक्टरशी भांडलीस. दिवे लागल्यावर आलो. अंगावर रंग नाही म्हणून तू मलाही बोललीस. 'एका घरात दोन कोरडे मेले' म्हणालीस."

म्हणाल्या होत्या. नवसाबाई स्वतःचं बोलणं कधी विसरत नसत. दुसऱ्यांना विसरू देत नसत, हे वेगळं. कारभारी सुटला.

राजू देवळाली कॅम्पातल्या दुकानातून आला तो सात वाजता. सायकल भिंतीला लावायच्या आधी त्याला वीर दाखवला. धाकटं पोर, लाडाचं, बापासारखं हसरं. वर्षभरात निम्मं झालं होतं.

"तू उडी मारली होतीस रहाडीत."

"तीन वेळा. चड्डीवर. टाक कुठं लपवणार होतो, दाढेखाली?"

"मला उलट बोलू नकोस."

"मग कोणाला बोलू? बायकोला आपणच घालवली." तो ओट्यावर बसला. "दर रविवारी मनमाडला जातो, आई. सृष्टी विचारते, पप्पा तुम्ही पाहुणे आहात का? रूपालीला शंभरदा विचारलं, एकदा सांगून टाक. ती म्हणते, हे एक विचारू नका. मी शब्द दिलाय."

"शब्द? कोणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कसला राहिला?"

नवसाबाईंनी हातातलं सूत खाली ठेवलं. चोर शब्द देत नाही. शब्द देतो तो दुसऱ्याचं झाकणारा. आणि या घरात असं कोण होतं, ज्याच्यासाठी ती पोर नवरा, घर, अब्रू सगळं सोडून वर्षभर मुकी बसावी?

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रहाडीवर गेल्या. आळीतली माणसं रहाड घासत होती. ओल्या दगडाचा आणि जुन्या फुलांच्या चोथ्याचा वास थेट गल्लीच्या टोकापर्यंत आला होता. तो वास नाकात गेला आणि नवसाबाईंना आपण सोळाव्या वर्षी नवरी होऊन या आळीत आलो तो फाल्गुन आठवला. रंगाच्या मोठ्या काहिलीखाली धगधगणारी लाकडं, उकळत्या झेंडूची वाफ, आणि गर्दीतून पिवळा होऊन आलेला एक किडकिडीत पोरगा, हसताना फक्त दात पांढरे. "ओळखलंस का, मी तुझा नवरा," म्हणाला होता. आत्ता रहाडीभोवती सिमेंट आलं होतं, शेजारी एसटीडीचा पिवळा खोका आला होता. वास तेवढा तोच होता.

"कुठं सापडला, दाखव."

"तिथं. पायऱ्यांजवळच्या कोनाड्यात," वाल्मीकनं वरूनच बोट केलं. "पूर्वी पूजेचा दिवा ठेवायचे. चोथ्यानं बुजला होता, कोणी बघत नव्हतं. यंदा तारेचा ब्रश लावला म्हणून."

"तळाला नाय सापडला?"

"तळ आम्ही दरसाल उपसतो, वहिनी. तळाला असता तर गेल्या सालीच मिळाला असता."

नवसाबाईंनी पदर खोचला.

"अहो, उतरू नका! पायऱ्या शेवाळलेल्यात."

"तुझ्या जन्माआधी ह्या आळीत आले मी. बाजूला हो."

वाल्मीक त्यांच्याहून मोठा होता, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

पायऱ्या उभ्या, एकाच माणसाच्या. उजवीकडे खोल पोकळी. आधाराला डावीकडची भिंत तेवढी. एक पायरी. दोन. डावा हात भिंतीवर सरकत होता. पाचव्या पायरीला तळहाताखालचा दगड संपला आणि हात आपोआप कोनाड्यात गेला.

नवसाबाई तिथंच थांबल्या.

रहाडीत पोरं उडी मारतात. धप्पकन पडतात, बुडतात, वर येतात. उडी मारणाऱ्याच्या हातून काही निसटलं तर ते तळाला जातं. कोनाड्यात काही ठेवायचं तर भिंत धरून, एकेक पायरी चाचपत, हळूहळू उतरावं लागतं. म्हाताऱ्या माणसासारखं. आत्ता त्या उतरल्या तसं.

आणि निसटलं नव्हतंच ते. ठेवलं होतं.

कोनाड्यातून हात काढून त्यांनी बोटांकडे पाहिलं. काल कारभाऱ्याचे दात टेकले, वाल्मीकच्या माणसांची नखं तुटली, ती गाठ या बोटांनी न बघता सोडवली. एक टोक खालून वर. जगातल्या सगळ्या गाठी वरून खाली सुटतात. खालून वर सुटणारी गाठ त्यांनी आयुष्यात एकाच माणसाची पाहिली होती. चव्वेचाळीस वर्षं रोज पहाटे मखमलाबादच्या मळ्यातून फुलांची गठुडी यायची, आणि रोज पहाटे त्या ती सोडता सोडता करवादायच्या, "डावऱ्या माणसा, तुझी गाठही उलटी आन् अक्कलही." तो हसायचा. गिऱ्हाइकं हाराची गाठ बघून म्हणायची, हा गोटीरामचा.

डोक्याला कळायला एक रात्र लागली. हातांना कालच कळलं होतं.

त्यांनी वर पाहिलं. काठावर वाल्मीक उभा होता. त्यांच्याकडे न बघता तो ब्रशच्या तारा मोजल्यासारखं करत होता.

"वाल्मीक," त्या खालून म्हणाल्या, आवाज दगडात घुमला, "माझ्या नवऱ्याला किती वेळ उभं केलं होतंस पाण्यात?"

५

"त्यानं गळ्याची शपथ घातली होती, वहिनी."

"आता गळा राहिला नाय. बोल."

वाल्मीक पायरीवर बसला. "पूजा झाली, गर्दी व्हायची होती. गोटीदा आला, धोतर नेसून. म्हणाला, वैद्यानं नको म्हटलंय, नवसा तर जीवच घेईल, पण एकदा उतरू दे. कंबरेला काहीतरी बांधलेलं होतं, मी कशाला विचारू? पाच-सहा पायऱ्या गेला. छातीपर्यंत रंग. डोळे मिटून उभा राहिला, काहीतरी बोलत होता. मग एकदम हुडहुडी भरली, तोल गेला. मी हाताला धरून ओढलं. वर आला तर मला म्हणतो, 'आबा कुठं गेले?' वहिनी, त्याचे वडील जाऊन पन्नास वर्षं झाली. मी घाबरलो. घरी पोचवला तर दारात तुमची धाकटी सून. तिनं टॉवेल आणला. मला म्हणाली, काका, कोणाला सांगू नका."

"तुला कळलं नाय आमच्या घरी काय पेटलं ते?"

"ओरडा ऐकू आला, पण ढोलताशात शब्द कळले नाहीत. गल्लीला एवढंच ठाऊक की सासू-सुनेचं पटलं नाही. टाकाचं तुम्ही कुठं सांगितलंत?"

नाही सांगितलं. घरातली गोष्ट गल्लीत जाऊ दिली नाही. त्या शहाणपणाला आता कुठं ठेवायचं, हे नवसाबाईंना समजेना.

घरी येऊन त्या रंगूबाईंसमोर बसल्या. "रंगे, तुझा भाऊ वीराला रहाडीत घेऊन गेला. का?"

रंगूबाईंच्या हातातला हार मांडीवर पडला. त्यांचा सुरकुतलेला चेहरा एकदम सात वर्षांचा झाला.

"आबा न्यायचे, वहिनी! तुम्ही लग्न होऊन यायच्या आधी. धुळवडीला वीर गंगेत न्हायचा आन् पंचमीला रंग खेळायचा. आबा दादाला खांद्यावर घेऊन उतरायचे, वीर फडक्यात बांधलेला. त्याला कोनाड्यात बसवायचे आन् म्हणायचे, 'बस राजा, आम्ही खेळून घेतो, मग घरी जाऊ.' मी काठावरून बघायची. पोरींना आत घेत नव्हते ना. जाताना आबा विचारायचे, 'गोट्या, कोणाला विसरलो?' दादा ओरडायचा, 'वीराला!' मग पुन्हा उतरून आणायचे. दरसाल तोच खेळ."

"आबा गेल्यावर?"

"मोडलं ते. दादानं कधी नाव काढलं नाही."

नवसाबाईंना गेल्या सालची धुळवड आठवली. तेव्हा पहिल्यांदा कारभाऱ्यानं वीर नाचवला होता. गोटीराम खोकत खाटेवर पडून होते, भिंतीकडे तोंड करून. पाचव्या दिवशी उठले. पोरपणीचा खेळ पुरा खेळले. फक्त या वेळी "कोणाला विसरलो" म्हणून विचारायला आबा नव्हते.

आता एकेक गोष्ट आपल्या पायांनी चालत येऊ लागली. दोरीवर वाळत घातलेलं ओलं धोतर. भर दुपारचं धुणं, ज्यात धुणारीचं एकही कापड नव्हतं. संध्याकाळी गोटीरामच्या पिवळ्या पोटऱ्या. "कुठं चिखल तुडवलात फुलांचा," असं त्या स्वतःच म्हणाल्या होत्या. आणि सगळे ओरडत असताना खाटेवरून आलेला तो प्रश्न: "टाक? कोणता टाक?" आवाजात लबाडी नव्हती. ते खरंच विसरले होते.

त्यानंतर पाच महिने जगले. चहा घेतला की नाही विसरायचे, मळ्याची वाट विसरायचे, मेलेल्या बैलाला हाका मारायचे. आणि नवसाबाई? "वेंधळा मेला. आयुष्यभर वेंधळा तो वेंधळा," म्हणत पाच महिने त्यांच्यामागे वहाण घेऊन फिरल्यासारख्या फिरल्या. त्यांना वाटत होतं, नेहमीचंच. कोणाला तरी आधीच कळलं होतं की हे नेहमीचं नव्हे.

"राजू," त्यांनी हाक मारली. "मनमाडची गाडी कितीला हाय?"

"आई, तू? तू तर तिच्या बापाच्या दारात पाय ठेवणार नाही म्हणाली होतीस."

"पाय ठेवत नाय. उभी राहून बोलेन."

६

राजूनं पॅसेंजरमध्ये खिडकी धरून दिली. नवसाबाईंनी मांडीवर एक पाटी घेतली होती, वर ओलं फडकं. निफाड गेलं, लासलगाव गेलं. कांद्याचा वास आला आणि गेला.

रूपालीचे वडील रेल्वेत पॉइंट्समन. लाल कौलांच्या क्वार्टरांच्या ओळीत त्यांचं दार, दारात शिलाईचं यंत्र. रूपाली ब्लाऊज शिवत होती. सासूला बघून तिचा पाय यंत्रावरच थांबला. आतून सृष्टी धावत आली, "पप्पा, आज रविवार नाही!" म्हणाली, आणि आजीला बघून रूपालीच्या मागे लपली.

"बसा ना, आत्याबाई."

"बसायला नाय आले." नवसाबाईंनी पाटीवरचं फडकं काढलं. झेंडूच्या फुलांत वीर बसला होता, चिंचेनं घासून लख्ख केलेला. शेजारी पिवळं फडकं, घडी घातलेलं.

रूपालीनं आधी फडकं उचललं. वीर नंतर. ते नवसाबाईंनी पाहिलं.

"रहाडीत होता," त्या म्हणाल्या. "कोनाड्यात. तुला ठाऊक होतं?"

"नाही. मला वाटलं, वाटेत पडला." तिचा आवाज अगदी बारीक होता. "मामा पुरचुंडं बांधून निघाले तेव्हा मी अडवलं. म्हणाले, 'पोरी, वीराला रंग खेळवून आणतो, तुझ्या सासूला सांगू नकोस, ओरडेल.' लहान मुलासारखे हसत होते. मी हो म्हटलं. परत आले ते काकडत. अंग पुसलं, धोतर धुतलं. देवघरात बघायचं सुचलं नाही. संध्याकाळी तुम्ही विचारलंत तेव्हा मी आत जाऊन त्यांना हळूच विचारलं, मामा, टाक कुठं ठेवलात? तर म्हणाले, 'कोणता टाक, पोरी? आन् तू कोणाची गं?'"

राजूनं भिंतीला हात टेकला.

"मला तेव्हाच कळलं, हे साधं विसरणं नाही. माझ्या आजोबांचं असंच झालं होतं. तुम्ही तर हातात लाटणं घेऊन उभ्या होतात. मी कसं सांगू, देव मामांनी हरवला? त्यांना आठवलंच नसतं, आणि तुम्ही..."

"मी काय? बोल. आज बोललीस तर चालेल."

"तुम्ही त्यांना सोडलं नसतं, आत्याबाई."

यंत्राच्या चाकावर ऊन पडलं होतं. लांबवर मालगाडीचे डबे एकमेकांवर आपटत गेले.

"आन् ते गेल्यावर? तेराव्याला का नाय बोललीस?"

"तेराव्याला तुम्ही सगळ्या बायांना सांगत होतात, माझ्या माणसानं देवाची सेवा कधी चुकवली नाही. गेलेल्या माणसाच्या माथी मी देव हरवल्याचं कसं मारू?"

नवसाबाईंनी पदराचं टोक चाचपलं, डोळ्यांपर्यंत नेलं आणि नाक पुसून परत आणलं. मग कंबरेवर हात ठेवला. गंगाघाटावर गिऱ्हाइकांना त्या जशा ऐकू जायच्या, तशा आळीभर, नव्हे क्वार्टरभर ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. शेजारच्या दोन दारांतून बायका डोकावल्या. त्यांना हवंच होतं ते. चोरी हळूच बोलल्या होत्या, निकाल हळू बोलायचा नव्हता.

"ऐक, रूपाली. सगळ्यांनी ऐका. हिनं आमचा देव चोरला नव्हता. मी हिला चोर म्हणाले, ते खोटं. माझ्या माणसाच्या हातून देव राहिला आन् हिनं वर्षभर तोंड शिवून ते झाकलं. हे झालं हिच्या बाजूचं. आता दुसरं. तुला कळलं होतं की माझा माणूस माझ्या हातून चाललाय, आन् तू मला कळू दिलं नाय. मी पाच महिने त्याला वेंधळा म्हणत राहिले. कळलं असतं तर घास भरवला असता गं मी त्याला. कुणाला सांगितलं नसतं, पण भरवला असता. हा तुझा गुन्हा, आन् मी तो माफ करायची नाय. आन् माझ्या जिभेच्या भीतीनं घरातलं शहाणं माणूस मुकं झालं, हा माझा. तोही तू माफ करू नकोस. दोघींनी आपापलं घेऊन एका घरात राहायचं. दुखवटा असला तरी पाडव्याची गुढी यंदा तू उभारायची, अंघोळ मी घालीन तुला. उद्या दुखवट्यात रंग नको, पण पुढल्या पंचमीला सृष्टीला खांद्यावर घेऊन रहाडीत तू उतरायचं. वीराला कोनाड्यात बसवायचं. वाल्मीक नको म्हणाला तर त्याच्याकडं मी बघते. मी काठावर उभी राहीन आन् विचारीन, कोणाला विसरलो? आता उठ. ब्लाऊज कोणाचं असेल त्याला देऊन टाक. चारची गाडी हाय, पोरीची वेणी मी गाडीत घालते."